मलम फोडापुरतं नको

प्रश्न : माझ्या १४ वर्षांच्या मुलाच्या कपाळावर आणि गालांवर सहा महिन्यांपासून मुरुमं येत आहेत. बेंझॉइल पेरॉक्साइडचं ५ टक्क्यांचं जेल आणलं. फोड आला की तो त्यावर लावतो, बसला की थांबतो. दोन आठवड्यांत जेवढे गेले तेवढेच नवे आले, वर त्वचा सोलवटायला लागली. चेहरा तेलकट वाटतो म्हणून दिवसातून चार-पाच वेळा धुतो, स्क्रबही वापरतो. औषध बदलावं का?

उत्तर : औषध बदलण्याची घाई नको, लावण्याची पद्धत बदला. या वयात संप्रेरकांमुळे त्वचेतल्या तेलग्रंथी जास्त तेल सोडतात. त्याच वेळी रोमछिद्राच्या तोंडाशी मृत पेशी चिकटून बूच बसतं. आत तेल साचतं, त्वचेवर एरवीही असणारे जिवाणू त्यात वाढतात आणि मग सूज येते. बूच बसल्यापासून फोड दिसेपर्यंत काही आठवडे जातात. म्हणजे आज जो गाल स्वच्छ दिसतो, त्याच्या आत पुढचे फोड तयार होत असतात. फक्त उठलेल्या फोडावर मलम लावलं की हे पुढचे तसेच राहतात. तुमच्या मुलाच्या बाबतीत नेमकं हेच होतंय.

चेहरा सकाळी आणि रात्री असा दोनदाच, शिवाय घाम आल्यावर धुवायचा. कोमट पाणी, सौम्य फेसवॉश आणि बोटांची टोकं एवढं पुरे. स्क्रब आजपासून बंद. ब्लॅकहेडचा काळेपणा मळाचा नसतो, त्यामुळे घासून तो जात नाही. उलट त्वचा दुखावते आणि सूज वाढते.

रात्री चेहरा टिपून पूर्ण कोरडा होऊ द्या. वाटाण्याएवढं जेल घ्या, कपाळ, दोन्ही गाल आणि हनुवटीवर ठिपके द्या आणि मुरुमं येणाऱ्या सगळ्या भागावर पातळ पसरा. डोळ्यांभोवती, नाकपुड्यांच्या कडांना आणि ओठांच्या कोपऱ्यांत लावू नका. त्यावर तेलविरहित, छिद्रं न बुजवणारं मॉइश्चरायझर हवंच. तेलकट त्वचेला त्याची गरज नाही असं मुलांना वाटतं, आणि मग कोरडेपणाला कंटाळून ती औषधच सोडतात.

आत्ता त्वचा सोलवटली आहे, तेव्हा ती शांत होईपर्यंत जेल थांबवा. पुन्हा सुरू करताना २.५ टक्क्यांचं घ्या. ते जास्त तीव्रतेच्या जेलइतकंच काम करतं आणि जळजळ कमी होते. पहिले दोन आठवडे एक रात्र सोडून, सोसलं की रोज. तरीही चुरचुरलं तर १० मिनिटांनी धुऊन टाका आणि वेळ हळूहळू वाढवा. हे जेल कापडाचा रंग उडवतं, म्हणून उशीचा अभ्रा आणि टॉवेल पांढरे ठेवा.

सूज नसलेले बारीक पांढरे-काळे दाणे जास्त असतील तर ०.१ टक्का ॲडापलीन हे छिद्रांतलं बूच मोकळं करणारं जेल अधिक उपयोगी पडतं. तेही रात्री, तेवढंच आणि तसंच पसरून. दोन्ही औषधं एकाच आठवड्यात सुरू करू नका, नाहीतर त्रास कशाने झाला ते कळणार नाही. ॲडापलीन लावताना दिवसा ३० एसपीएफचं सनस्क्रीन वापरा. गरोदरपणात हे औषध टाळतात.

फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. रोज आरशात शोधत बसण्यापेक्षा दर चार आठवड्यांनी एकाच जागी, एकाच उजेडात फोटो काढा. लावायला विसरू नये म्हणून ट्यूब दात घासायच्या ब्रशशेजारी ठेवा. आणि एक कळकळीची विनंती : घरात त्याच्या चेहऱ्यावर बोलणं थांबवा, काळजीपोटीसुद्धा. ते त्याला दिवसभर बाहेर ऐकावं लागतंच.

प्रश्न : माझ्या १६ वर्षांच्या मुलीने मैत्रिणीचं क्रीम लावलं. चार दिवसांत लाली गेली, म्हणून तीन महिने लावत राहिली. आता बंद केलं की चेहरा लाल होतो, आग होते आणि एकसारखे बारीक पुरळ उठतात. पुन्हा सुरू करू का, असं ती विचारते.

उत्तर : नको. ट्यूबवरचे घटक वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी काही असेल तर ते स्टिरॉइड आहे. ते सूज दाबतं म्हणून पहिल्या आठवड्यात जादू वाटते. पुढे त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि स्टिरॉइडमुळेच नवी मुरुमं येतात. थांबवल्यावर होणारी आग हाही त्याचाच परिणाम आहे. ट्यूब घेऊन याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. तोवर फक्त सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. मुरुमांची औषधं या चिडलेल्या त्वचेवर आत्ता लावू नका. मैत्रिणीच्या घरीही हे कळवा.

मुलीची पाळी फार अनियमित असेल किंवा हनुवटीवर राठ केस येत असतील तर तेही सांगा. अशा वेळी संप्रेरकांची तपासणी करतात.

प्रश्न : मुलाचं गोड बंद केलं, मुरुमं तशीच आहेत. अजून काय बंद करू?

उत्तर : काहीच नको. साखर आणि मैदा कमी केल्याने काहींना थोडा फायदा होतो, दूध किंवा व्हे प्रोटीनच्या पावडरीने काहींची मुरुमं वाढतात. पावडर घेत असेल तर ती थांबवून पाहा. पण पथ्य औषधाची जागा घेत नाही. कपाळाच्या कडेलाच दाणे असतील तर केसांचं तेल किंवा जेल बदला, हनुवटीखालीच असतील तर हेल्मेटचा पट्टा धुवा.

प्रश्न : घरच्या घरी उपचार थांबवून डॉक्टरांकडे कधी जायचं?

उत्तर : १२ आठवडे नियमित लावूनही फरक नसेल तर. आणि खोल, दुखणाऱ्या गाठी किंवा खड्डे दिसू लागले तर लगेच, कारण सपाट डाग काही महिन्यांत फिके होतात, खड्डे आपोआप भरत नाहीत. गाठींसोबत ताप आणि सांधेदुखी असेल तर त्याच दिवशी जा. मूल बाहेर जाणं टाळत असेल, गप्प राहत असेल, तर फोड मोजकेच असले तरी तेही डॉक्टरांना भेटण्याचं पुरेसं कारण आहे.

पोटातून प्रतिजैविक दिलं तर ते साधारण तीन महिन्यांपुरतंच असतं आणि सोबत बेंझॉइल पेरॉक्साइड चालू ठेवतात, म्हणजे जिवाणू औषधाला सरावत नाहीत. आयसोट्रेटिनॉइन हे पोटातून घ्यायचं औषध गंभीर मुरुमांवर फार प्रभावी आहे, पण गर्भावर त्याचे भयंकर दुष्परिणाम होतात. त्यामुळे मुलींना ते देताना गर्भधारणा नसल्याची खात्री करतात आणि ती टाळण्याबद्दल स्पष्ट बोलतात. हे बोलणं होत असताना मुलीला डॉक्टरांशी थोडा वेळ एकटीला बोलू द्या.