टीव्हीचा आवाज वाढवणाऱ्या सासूबाईंना

पत्र : मुलगा सुनेला मारतो. दारू नाही, नोकरी चांगली, बाहेर सगळे त्याला देवमाणूस म्हणतात. मागच्या आठवड्यात तिचं मनगट सुजलं, तर दवाखान्यात आम्ही ‘बाथरूममध्ये पाय घसरला’ असं सांगितलं. त्याचा आवाज चढला की शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून मी टीव्ही मोठा करते. घर माझ्या नावावर आहे. तिला काही दिवस माहेरी पाठवू का? – एक आई, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, टीव्हीचं लिहिलं नसतंत तर कुणाला कळलं नसतं. तरी लिहिलंत, म्हणून मीही आडपडदा ठेवत नाही.

मारतो तो, आणि बोचकं तिने बांधायचं? स्वतःहून जायचं म्हणाली तर जाऊ दे, पण पाठवणी नको. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने सुनेला नांदत्या घरात राहायचा हक्क दिलाय. घर सासूच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं म्हणून तो जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय. उलट मॅजिस्ट्रेट तुमच्या मुलालाच घराबाहेर राहायचा आदेश देऊ शकतात. पोटच्या पोराबद्दल हे वाचताना पोटात कालवलं असेल, ठाऊक आहे.

आधी तिच्याशी बोला. तो कामावर गेल्यावर, चहा टाकून. ‘तुला काय हवंय?’ एवढंच विचारा. ‘तसा तो मनाने वाईट नाही गं’ हे ओठांवर येईल, ते चहाबरोबर गिळा. आणि तिला न विचारता काही करू नका, कारण त्याचा राग निघेल तो तिच्यावरच.

ती हो म्हणाली की याच कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांना गाठा. महिला व बालविकास कार्यालयात त्यांची चौकशी करा. घरात काय चाललंय याची खबर त्यांना तुम्हीही देऊ शकता. खऱ्या मनाने खबर देणाऱ्यावर त्यासाठी कारवाई होत नाही. वकिलाच्या फीची धास्ती नको. बाईची कमाई कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण तिला मोफत वकील देतं. नुसतं विचारायचं असेल तर १८१ ही महिला हेल्पलाइन लावा. तिचा फोन तो तपासत असेल तर तुमच्या फोनवरून.

आता तो केसपेपर. त्यावर ‘पाय घसरला’ लिहिलंय ना? उद्या कोर्टात तोच आडवा येईल. सूज उतरायच्या आत तिच्याबरोबर सरकारी दवाखान्यात जा, खरं कारण सांगा, लिहून घ्यायला लावा. वळाचे फोटो तुमच्या फोनमध्ये ठेवा. तिचं आधार कार्ड, दागिने, मुलं असतील तर त्यांचे जन्मदाखले तुमच्या कपाटात हलवा, किल्ली तिला द्या.

साक्षीला कोण, हे पुढे विचारतीलच. घरात तुम्हीच होतात.

आणि आज रात्री त्याचा आवाज चढला, तर टीव्ही बंद करा. दार उघडा, शेजाऱ्यांना हाक मारा आणि ११२ लावा.