सातला सगळे नऊच का?

प्रश्न : मी पिंपळगावहून पंचवटीच्या मार्केट यार्डात पिकअपनं टोमॅटो आणतो. परवा आडगाव नाक्यापाशी शेजारी बसलेली मुलगी ओरडली, "पप्पा, मीटर बघा!" किलोमीटर होते १४२८५७. ती म्हणते, या आकड्याला २ पासून ६ पर्यंत कशानेही गुणा, तेच सहा अंक जागा बदलून येतात. घरी करून पाहिलं, खरं निघालं. पण ७ ने गुणलं तर ९९९९९९! सातला काय झालं?
– एक वाचक, पिंपळगाव बसवंत

उत्तर : भाऊ, हा आकडा मुळात सातच्याच पोटातला. १ ला ७ ने भागा. कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा, वहीवर करा. दहात सात एकदा, बाकी ३. शून्य घ्या, तिसात चारदा, बाकी २. विसात दोनदा, बाकी ६. साठात आठदा, बाकी ४. चाळिसात पाचदा, बाकी ५. पन्नासात सातदा, बाकी १. निघालो होतो तिथेच आलो! म्हणून ०.१४२८५७१४२८५७… असं अखंड चालू राहतं. नाशिकरोडला शिकवताना हा भागाकार मी दरवर्षी फळ्यावर शेवटपर्यंत करून घ्यायची. तिसऱ्या अंकाला मुलं कंटाळायची, पण बाकी १ आली की मागचा बाकसुद्धा मान वर करायचा.

आता बाक्या बघा : १, ३, २, ६, ४, ५. सातने भागताना बाकी उरली तर ती १ ते ६ मधलीच, आणि इथे सहाही येऊन गेल्या. त्यामुळे ३ ला ७ ने भागताना याच रिंगणात ३ च्या दारानं शिरायचं : ४२८५७१. दोनच्या दारानं २८५७१४. तुमच्या लेकीचे गुणाकार हेच. आणि सात सप्तमांश म्हणजे पूर्ण एक, दशांशात ०.९९९९९९… तिथे नऊशिवाय काही येणारच नाही.

मला याहून आवडते ती दुसरी गंमत. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९. शेवटचे सहा अंक तोडा आणि दोन्ही तुकडे मिळवा : २०४०८ + १२२४४९ = १४२८५७. परत तोच! ४५ चंही तसंच : वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात. द. रा. कापरेकर १९३० ते १९६२ आपल्या देवळालीला शाळेत शिकवत होते, हे मुलीला जरूर सांगा. आणि १४२८५६ ला, म्हणजे एक कमी करून, ७ ने भागायला लावा. उत्तर २०४०८, वर्गाचा पहिला तुकडा! इथेही सातच.

१३ ने भागताना एका रिंगणात सगळ्या बाक्या मावत नाहीत, दोन रिंगणं होतात. १७ ला मात्र एकच, सोळा अंकांचं. ते तिला करायला द्या, वही आडवी धरून.