वाचक विचारतात: धावता येत नाही, तरी फन रनला जाऊ का?

प्रश्न: मी 61 वर्षांची, सध्या अमेरिकेत मुलाकडे आलेय. सुनेच्या ऑफिसची टीम बेसबॉल स्टेडियमवरच्या चॅरिटी फन रनमध्ये उतरतेय, 5 किलोमीटरचा आहे आणि जमलेले पैसे लहान मुलांच्या हॉस्पिटलला जाणार आहेत. सून म्हणते आई तुम्हीपण चला. मी शाळा सुटल्यापासून धावलेली नाही, बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही आणि सगळ्यात मागे राहिले तर तिच्या ऑफिसातल्या लोकांसमोर तिलाच कसंतरी होईल. काय करू?

उत्तर: ताई, जा. अगदी नक्की जा. सून आपणहून म्हणतेय ना चला, मग तिला कसंतरी वगैरे काही होणार नाहीये, उलट तुम्ही घरी बसलात तर वाईट वाटेल.

फन रन म्हणजे शर्यत नव्हे हे आधी डोक्यात पक्कं करा. खूप ठिकाणी तर वेळसुद्धा मोजत नाहीत, आणि मोजली तरी ती ज्याची त्याला बघायला. निम्मेअर्धे लोक चालतच असतात, कोणी स्ट्रोलर ढकलत असतं, कोणी अस्वलाचा नाहीतर हॉट डॉगचा ड्रेस घालून येतं, कारण बेसबॉलच्या मैदानाला असली गंमत नवीन नाहीच. वॉशिंग्टनच्या टीमच्या मॅचमध्ये जुन्या राष्ट्राध्यक्षांचे मोठ्ठे मुखवटे घातलेली माणसं मैदानात पळतात, त्यातला टेडी रूझवेल्ट 2006 पासून एकदाही जिंकला नव्हता, शेवटी 2012 च्या ऑक्टोबरमध्ये जिंकला तेव्हा अख्खं स्टेडियम उभं राहून ओरडत होतं. सहा वर्षं हरणाऱ्यावर एवढं प्रेम करणारी ही मंडळी, तुम्ही मागे राहिलात म्हणून कोण नाक मुरडणार?

5 किलोमीटर साध्या चालीने तासाभरात होतात. रोज अर्धा तास चालायची सवय असेल तर काळजीच नको, नसेल तर आजपासून वीस मिनिटांनी सुरुवात करा आणि हळूहळू वाढवा. बीपी, शुगर, गुडघे यातलं काही असेल तर डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. आणि बूट रोजचेच घाला हो, त्या दिवशी नवे कोरे घालू नका. पंजाबी ड्रेस चालेल, फक्त ओढणी घरी ठेवा.

आता मैदानाबद्दल सांगते, कारण मी स्वतः असा एक फन रन चाललेय आणि मला सगळ्यात जास्त मजा तिथेच आली. बेसबॉलमध्ये खेळाडू धावत जे चार ठिय्ये गाठतात त्यांना बेस म्हणतात, एका बेसपासून दुसरा बेस 90 फुटांवर, म्हणजे चारही बेसना फेरी मारली तरी 360 फूट, जेमतेम 110 मीटर. तेवढ्यात 5 किलोमीटर कसे बसणार? म्हणून रूट सहसा बाहेरच्या रस्त्यावरून, पार्किंगमधून, स्टेडियमच्या आतल्या उतारांवरून फिरवतात आणि मग एका बोगद्यासारख्या वाटेने अचानक मैदानात आणून सोडतात. त्या अंधाऱ्या वाटेतून बाहेर आलं की समोर एकदम हिरवंगार गवत आणि वरपर्यंत रिकाम्या खुर्च्याच खुर्च्या, मी तर दोन मिनिटं कडेला उभीच राहिले. उतार मात्र गुडघ्यांना जाणवतात, तिथे घाई करू नका, आणि काही ठिकाणी जिनेही असतात म्हणून रूटचा नकाशा सुनेकडून आधीच बघून घ्या.

मैदानात गवतावर पाय ठेवू देत नाहीत, ते जिवापाड जपलेलं असतं, दोरी लावून माणूस उभा असतो. आपण चालायचं ते भिंतीच्या कडेकडेने जाणाऱ्या मातीच्या पट्ट्यावरून, त्याला वॉर्निंग ट्रॅक म्हणतात. वर बॉलकडे बघत मागे मागे पळणाऱ्या खेळाडूला पायाखालचं गवत संपून खरखरीत लागलं की कळतं, आता भिंत आली, म्हणून ते नाव. बारीक लालसर खडी असते, करकर वाजते, माझ्या बुटांच्या खाचांमधून ती घरी आल्यावर टूथपिकने काढावी लागली.

मोठी पर्स मात्र नेऊ नका. बऱ्याच स्टेडियममध्ये बॅगेच्या आकाराचे नियम आहेत, कुठे आरपार दिसणारीच बॅग लागते.

प्रश्न: मी अमेरिकेतच नोकरी करतो. अशाच एका रनसाठी फी भरली, वर ओळखीच्यांकडून डोनेशनही गोळा केलं. हे सगळं टॅक्समध्ये दाखवता येतं का? आणि पैसे खरंच पोचतात हे कसं बघायचं?

उत्तर: सगळं नाही येत. पहिली गोष्ट, संस्था 501(सी)(3), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था, आहे का ते आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या टॅक्स खात्याच्या, साइटवर नाव टाकून फुकट बघता येतं, ते फी भरायच्या आधीच बघायचं. दुसरी, फीच्या बदल्यात टी-शर्ट, मॅचचं तिकीट असं काही मिळालं तर त्याची किंमत वजा करून उरेल तेवढंच दान धरलं जातं, म्हणजे 100 डॉलर भरले आणि 40 चं सामान मिळालं तर दान 60 चंच. मित्रांनी दिलेले पैसे त्यांचे, त्यामुळे ते त्यांनी दाखवायचे, तुम्ही नाही. आणि 250 डॉलर किंवा जास्त एकदम दिले असतील तर संस्थेचं पत्र जपून ठेवा. आणखी एक, ऑफिसच्या एचआरला मॅचिंगचं विचारा, खूप कंपन्या तुम्ही दिलं तेवढंच स्वतःकडून घालतात आणि लोक फॉर्म भरायचा कंटाळा करतात म्हणून ते पैसे तसेच राहतात, मला याचं फार वाईट वाटतं. बॉस्टनच्या फेनवे पार्कवर 2010 पासून माजी सैनिकांच्या उपचारांसाठी असाच रन होतो, शेवट थेट होम प्लेटवर, म्हणजे बॅट घेऊन खेळाडू उभा राहतो त्या जागी. तिथे चालणाऱ्यांनी घरोघरी, ऑफिसात मागून आणलेल्या पैशांवर उपचार होतात, त्यामुळे मागायला लाजू नका.

प्रश्न: मुलगा 5 वर्षांचा आहे, त्याला नेऊ का?

उत्तर: न्या ना. पोरांसाठी वेगळी छोटी धाव आहे का बघा. गर्दीत हात सुटतो, म्हणून बिब, म्हणजे धावणाऱ्याच्या नंबरचा कागद, छातीवर लावायच्या आधी त्या कागदाच्या मागच्या बाजूला तुमचा फोन नंबर पेनाने ठळक लिहा आणि चारही कोपऱ्यांना पिना लावा. वरच्या 61 वर्षांच्या ताईंनीसुद्धा हे करा, सुनेचा नंबर आणि चालू असलेल्या गोळ्यांची नावं.