मशीन जुनं, सिस्टीम मात्र आजचीच: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: 2009 मध्ये घेतलेलं छोटं नेटबुक आहे, ॲटम एन270 प्रोसेसर, 1 जीबी रॅम. दुकानदार म्हणाला यावर आता विंडोज एक्सपीच चालणार आणि टाकूनही दिली. चालते, पण निम्म्या साईट उघडतच नाहीत. आईला ई-पेपर वाचायचा असतो आणि भजनी मंडळाचे अभंग टाईप करायचे असतात. एका मित्राने 2012 ची लिनक्सची, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट सिस्टीमची, सीडी दिलीय, हलकी आहे म्हणतो, टाकू का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: नका टाकू. मशीन जुनं आहे म्हणून सिस्टीम पण जुनीच टाका हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि मला तो अजिबात पटत नाही. एक्सपीचा सपोर्ट 8 एप्रिल 2014 ला संपला, त्यानंतर सापडलेली सुरक्षेतली जवळजवळ सगळी भोकं तशीच उघडी पडलीयत, आणि साईट उघडत नाहीत ते मशीन स्लो आहे म्हणून नाही, तर त्या जुन्या ब्राउझरला आजच्या साईटचं एनक्रिप्शन आणि सर्टिफिकेट कळत नाही म्हणून. 2012 च्या लिनक्सचं पण हेच होणार. तुम्हाला पाहिजे ती आजही अपडेट मिळणारी सिस्टीम, फक्त डेस्कटॉप हलका.

आता अडचण सांगतो. एन270 हा फक्त 32-बिट (जुन्या पद्धतीचा, आजचे 64-बिट असतात) प्रोसेसर आहे, आणि 32-बिटवाल्यांसाठी एकेक दार बंद होत चाललंय. लिनक्सच्या वेगवेगळ्या प्रकारांना डिस्ट्रो म्हणतात, त्यातल्या उबुंटूने 32-बिटला 2019 मध्येच 19.10 या आवृत्तीपासून सोडलं, आणि ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या डेबियन 13 या डिस्ट्रोमध्ये 32-बिटचा इन्स्टॉलरही नाही आणि कर्नलही (सिस्टीमचा गाभा) नाही. त्यामुळे तुमच्यासाठी उरतं डेबियन 12, त्याला जून 2028 पर्यंत दीर्घ मुदतीचे सुरक्षा अपडेट आहेत. मी तुमच्या जागी असतो तर त्याच डेबियन 12 वर बनलेली ॲन्टीएक्स 23 टाकली असती, 32-बिटचीच इमेज (इन्स्टॉल करायची फाईल) घ्या. तिच्यात आइसडब्ल्यूएम नावाचा अगदी साधा विंडो मॅनेजर आहे, स्टार्ट मेनूसारखा मेनू, खाली पट्टी, आईला वेगळं काही शिकवावं लागणार नाही आणि रॅम बरीच मोकळी राहते.

पण खरं सांगायचं तर रॅम सिस्टीम खात नाही, ब्राउझर खातो. आणि इथेच दुसरी तारीख लक्षात ठेवा, मोझिलाने 32-बिट लिनक्ससाठी फायरफॉक्स 144 नंतर बनवणं थांबवलंय, जुन्या ईएसआर 140 (फायरफॉक्सची जास्त मुदतीची आवृत्ती) चे अपडेट सप्टेंबर 2026 पर्यंतचे जाहीर केलेत. म्हणजे सिस्टीमच्या आधी ब्राउझरची मुदत संपते. म्हणून बँकेचं, गॅस बुकिंगचं, जिथे पासवर्ड टाकायचा ते सगळं मोबाईलवर करा, या नेटबुकवर नको. ई-पेपरची पीडीएफ मिळत असेल तर ती डाऊनलोड करून मुपीडीएफ या हलक्या पीडीएफ वाचकात उघडा, त्याच पेपरची वेबसाईट जाहिरातींसकट उघडण्यापेक्षा कितीतरी पटीने हलकं जातं.

झेडरॅम चालू करा. यात जागा कमी पडली की कमी वापरातला डेटा डिस्कवर न टाकता रॅममध्येच दाबून ठेवला जातो, आणि इतक्या जुन्या हार्डडिस्कवर स्वॅप करण्यापेक्षा प्रोसेसरला थोडं जास्त काम देणं परवडतं. बहुतेक एन270 नेटबुकात 2 जीबीपर्यंत डीडीआर2 रॅम बसते, जुन्या बाजारात मिळाली तर घ्याच.

आणि एक बारीक गोष्ट जी कुणी सांगत नाही, मशीन बंद असतानाही घड्याळ चालू ठेवणारा आतला सेल. तो उतरला की प्रत्येक वेळी बंद करून चालू केलं की तारीख मागे जाते, मग ब्राउझर प्रत्येक साईटला सर्टिफिकेट चुकीचं आहे म्हणून ओरडतो, आणि माणसाला वाटतं लिनक्सच खराब टाकलंय. आधी कोपऱ्यातलं घड्याळ बघा. सेल बहुतेक वेळा सीआर2032 असतो, काही मॉडेलमध्ये वायर जोडलेला, तो वायरसकटच घ्यावा लागतो.

प्रश्न: कोअर 2 ड्युओ लॅपटॉप, 4 जीबी रॅम, विंडोज 10 आहे. आता अपडेट बंद झालेत. ओळखीचा एकजण म्हणतो युक्ती करून 11 टाकून देतो. (एक वाचक, पिंपरी)

उत्तर: त्यांना नको म्हणून सांगा. विंडोज 11 च्या 24एच2 पासून पॉपसीएनटी नावाची प्रोसेसर सूचना लागते, ती कोअर 2 ड्युओत नाहीच, त्यामुळे कितीही युक्त्या केल्या तरी तिथून पुढचं व्हर्जन बूटच होणार नाही. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, तेव्हा त्यावरही राहू नका.

तुमचं काम मात्र सांगलीवाल्यांपेक्षा खूप सोपं आहे कारण हा प्रोसेसर 64-बिट आहे. खात्री करायची तर लाईव्ह पेनड्राईव्हवरून (इन्स्टॉल न करता सिस्टीम चालवून बघायचा) बूट करून टर्मिनलमध्ये एलएससीपीयू (lscpu) कमांड द्या, वरच्याच एका ओळीत 32-बिट आणि 64-बिट दोन्ही दिसले की झालं. मग डेबियन 13 एक्सएफसीई (हा हलका डेस्कटॉप) किंवा लिनक्स मिंट 22 ची एक्सएफसीई आवृत्ती टाका, मिंट 22 ला 2029 पर्यंत अपडेट आहेत. काही मोठ्या डिस्ट्रो आता नव्या प्रोसेसरच्या सूचना मागायला लागल्यात, रेड हॅट कंपनीचं एंटरप्राइझ लिनक्स 9 सुद्धा या लॅपटॉपवर चालणार नाही, डेबियन मात्र अजून सुरुवातीच्या 64-बिट प्रोसेसरनाही सांभाळून घेतं आणि याबद्दल मला त्या लोकांचं मनापासून कौतुक वाटतं. पैसे घालायचेच तर सगळ्यात आधी साटा एसएसडीत (हार्डडिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) घाला, बाकी कशानेच एवढा फरक पडत नाही. टाकण्याआधी लाईव्हवर वायफाय, आवाज आणि लॅपटॉप झोपवून (स्लीप) परत उठवणं, हे तिन्ही बघून घ्या.

प्रश्न: लिनक्सवर मराठी टाईप होतं का? त्यासाठी सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागतं का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर: काही विकत घ्यायचं नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भारत निवडलं की मराठी इनस्क्रिप्ट (सरकारी प्रमाण मांडणी) आणि मराठी कगप फोनेटिक (उच्चारानुसार मांडणी) दोन्ही लेआउट तिथेच असतात, मागे वेगळा प्रोग्राम चालत नाही, त्यामुळे कमी रॅमवर हेच बरं. मोबाईलसारखं इंग्रजी स्पेलिंगने लिहायची सवय असेल तर आयबस आणि एम17एन हे टायपिंगचे प्रोग्राम टाका, थोडी रॅम जाईल. फॉन्टमध्ये लोहित देवनागरी बघा, रेड हॅटच्या पुण्याच्या ऑफिसात त्याचं बरंचसं काम झालंय, किंवा मुंबईच्या 'एक टाईप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचा 'मुक्त'. जुन्या श्रीलिपी किंवा कृतीदेवमधल्या फाईली मात्र अशा उघडल्या तर अक्षरं वेडीवाकडीच दिसणार, त्या आधी युनिकोडमध्ये (आजची सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत) बदलून घ्या, आणि बदलल्यावर जोडाक्षरं एकदा डोळ्याखालून घाला, रफार आणि पहिली वेलांटी हमखास चुकीच्या जागी पडते.