शाळेची खोली गावाच्या मतदानावर बांधता येते का?

प्रश्न: नमस्कार दादा, आमचं गाव वर्धा नदीच्या काठी हाय, शाळा झेडपीची, पयली ते सातवी. दोन खोल्यायचे कवेलू फुटले, पावसायात पाणी लेकरायच्या वह्यायवर टपकते मंग मास्तर तिसरी अन् चवथी एकाच खोलीत बसोते. माह्या साळ्याचा पोरगा कॅलिफोर्नियात हाय, तो म्हणे तिकडं शाळा बांधाची असली तं लोकायचं मतदान घेते. आपल्याकडं असा कायदा काहून नाही? आम्ही गावातच मतदान घेतलं तं चालन का?

उत्तर: भाऊ, पोरानं सांगितलं ते खरं आहे, फक्त अर्धंच सांगितलं. तिकडं "शाळा पाहिजे का" असं कोणी विचारत नाही, "शाळेसाठी कर्ज काढायचं, ते तुमच्या घर-जमिनीवरच्या टॅक्समधून फेडायचं, कबूल आहे का" असं विचारतात. पैसा स्वतःच्या खिशातून जाणार म्हणून मत. कॅलिफोर्नियात आधी अशा कर्जाला दोन तृतीयांश मतं लागायची, म्हणजे शंभरातले साठ जण हो म्हटले तरी शाळा अडलेलीच. मग 2000 साली प्रपोझिशन 39 नावाचा प्रस्ताव लोकांनीच मतदानानं पास केला आणि ही अट 55 टक्क्यांवर आली, पण त्यासोबत कोणती कामं करणार त्याची यादी आधीच द्यायची, त्या पैशातून मास्तरांचे पगार करायचे नाहीत, दरवर्षी ऑडिट आणि गावच्या लोकांची देखरेख कमिटी, हे सगळं आलं. मला त्यातली यादीची गोष्ट फार पटते. टेक्सासमध्ये तर 2019 च्या कायद्यापासून मतपत्रिकेवरच छापावं लागतं की ही मालमत्ता करातली वाढ आहे.

आपल्या झेडपी शाळेचा पैसा वरून येतो, समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून, जिल्हा नियोजन समितीकडून, कधी आमदार निधीतून. गाव त्यासाठी कर्ज काढत नाही म्हणून मतदानाची तरतूदच नाही. दारूच्या दुकानासाठी आपल्या बायांनी आडवी बाटली उभी बाटली मतदान करून दाखवलं, तसं शाळेसाठी नाही. वर्गणी करून कवेलू बदलायचे असतील तर शाळेला विचारून जरूर बदला, पण नवीन खोली परस्पर बांधू नका, इमारत झेडपीची आहे, परवानगी लागते.

पण तुमच्या हातात काहीच नाही असं अजिबात समजू नका. 2009 चा शिक्षण हक्क कायदा म्हणतो एका शिक्षकामागे निदान एक वर्गखोली पाहिजे. त्याच कायद्यानं शाळा व्यवस्थापन समिती दिली, तिच्यात 75 टक्के पालक, निम्म्या बाया, आणि ही समिती जो शाळा विकास आराखडा करते तोच सरकारी अनुदानाचा आधार धरायचा असं कलम 22 मध्ये लिहिलेलं आहे. बहुतेक गावात हा आराखडा मास्तर एकटेच रात्री बसून भरतात आणि पालक फक्त सही करतात, इथंच आपलं चुकते. तुम्ही बसा मास्तरांसोबत, किती खोल्या, किती फूट भिंत, कुठला वासा कुजला, सगळं लिहा, ही तुमची यादी.

मग तोच विषय ग्रामसभेत. कोरमला 15 टक्के मतदार किंवा 100 जण, जे कमी असेल ते. आमच्या गावी आम्ही दोन वर्षं हात वर करून मंजूर मंजूर ओरडलो, आणि नंतर पाहतो तर प्रोसिडिंग बुकात शाळेचं नावच नाही, दिवाबत्ती आणि नाली एवढंच. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो की ठराव लिहून झाल्यावर तिथंच वाचून घ्या, ठराव नंबर मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा आणि सहीशिक्क्याची नक्कल मागा.

ती नक्कल, आराखडा आणि फोटो लावून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज द्या, पोच घ्या. अर्जात नुसतं "नवीन खोली द्या" लिहू नका, बांधकाम विभागाच्या इंजिनिअरकडून तपासणी आणि जुन्या खोल्यांचं निर्लेखन (म्हणजे त्या मोडीत काढल्याची कागदोपत्री नोंद) असं स्पष्ट मागा, कारण जुनी खोली कागदावर धड दिसते तोवर नवीनचा प्रस्ताव पुढं सरकतच नाही, यात लोकांची वर्षं जातात हो.

आणि हे सगळं होईल तेव्हा होईल, त्या दोन खोल्यांत एकही लेकरू बसवू नका. समाजमंदिर मागा, ग्रामपंचायतीचा हॉल मागा. मृगाच्या आधी मागा.