गेमिंग राउटर घेण्याआधी

आठ अँटेना आणि लाल दिवे बघून भुलू नकोस रे. आधी लॅपटॉप केबलने जोड आणि घरात टीव्हीवर फोर-के चालू असताना, कुणाच्या तरी फोनचे फोटो बॅकअपला जात असताना पिंग (डेटा सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) बघ. एरवीचा २० मिलिसेकंदांचा पिंग २०० वर जात असेल, तर दुखणं वायफायचं नाही, रांगेचं आहे, म्हणजे डेटा पुढे जायची वाट बघत अडकतो. बहुतेकदा अपलोड तुंबतो. त्यावर औषध एसक्यूएम, म्हणजे ही रांग छोटी ठेवणारी राउटरमधली सोय. ते असलेला राउटर घे (ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं मोफत सॉफ्टवेअर त्यावर चालत असेल तर उत्तमच) आणि वेग प्रत्यक्षात मिळतो त्याच्या ९० टक्क्यांच्या आसपास बांधून टाक, म्हणजे रांग राउटरच्या ताब्यात राहते. फायबरवाल्याचा डबा ब्रिज मोडवर टाकून घे, म्हणजे तो राउटरचं काम न करता नुसती लाइन पुढे देईल, नाहीतर डबल नॅटची कटकट (दोन राउटर एकामागे एक पत्ते बदलत बसतात). आणि प्लेस्टेशनला केबलच लाव, भिंतीच्या कडेने. आई ओरडेल, ओरडू दे.