गोळीबार खरा वाटेल असा क्राइम चित्रपट सुचवाल का?

मायकल मानचा ‘हीट’ (१९९५). गेल्या आठवड्यात परत लावला. टोळी बँक लुटून लॉस एंजेलिसच्या भर रस्त्यात येते आणि पहिली गोळी सुटताच संगीत बंद! पुढे नुसत्या बंदुका. त्यांचा आवाज नंतर स्टुडिओत चिकटवलेला नाही, शूटिंगच्या वेळी रस्त्यावरच टिपलेला वापरलाय. म्हणून प्रत्येक फैर उंच इमारतींवर आपटून परत येते. हेडफोन लावाच, मोबाइलच्या स्पीकरवर सगळी मजा जाते. गोळ्या संपल्यावर व्हॅल किल्मर झटक्यात मॅगझिन बदलतो, तेही नीट बघा. पोलीस झालेला अल पचिनो आणि टोळीचा म्होरक्या झालेला रॉबर्ट डी नीरो समोरासमोर कॉफी पितात तो प्रसंग तर आहेच. चित्रपट जवळपास तीन तासांचा आहे. पचिनोच्या घरातली भांडणं जरा रेंगाळतात, तेवढ्यात चहा टाकून या.